मोहाखाली खराटा

तो स्वेटर घाले. एप्रिल महिन्याच्या भर तपनीत, आमच्या डोंगरावरचा दगड हातात धरवत नाई तेव्हा, तो लांब बाह्यांचा तपकिरी लोकरीचा स्वेटर गळ्यापर्यंत चढवून खिंडीतल्या पळसाखाली बसे.

"का गा, बिमार हाय का तू?" पहिल्याच दिवशी म्या विचारलं.

"जो स्वेटर थंडीले आत येऊ देत नाई, तो उन्हाले कसा येऊ देईन?" तो म्हणाला.

म्या यावर लय विचार केला. कधी वाटे बरोबर बोलला, कधी वाटे माणूस फिरला हाय. अजून ठरलं नाई. मी चौथी शिकलेला माणूस. पण मले कोणी येड्यात काढलेलं चालत नाई, आणि हा माणूस मले येड्यात काढे का खरंच तसा होता, हेच तीन उन्हाळे मले समजलं नाई.

आमचं दोघाचं काम एक होतं. अंगारी म्हणत त्याले. होळीच्या आधीपासून पाणी येईपर्यंत जंगलाले आगीपासून राखाचं. खिंडीत बसाचं, चारी बाजूनं पाहाचं, धूर दिसला का पळाचं, हिरव्या डहाळ्यानं आग झोडपून मारायची, अन् गार्ड साहेबाले फोन करायचा. फोन लागे तो फक्त एका दगडावर उभं राह्यलं का. मी त्या डोंगराच्या पोटाशी असलेल्या गावचा, मले कामावर घेतलं ते वाटा माहीत म्हणून. त्याले काऊन घेतलं, हे सांगता येत नाई. तो वडनेरकडचा, सपाटीचा माणूस. जिकडं पाहावं तिकडं काळी जमीन अन् पऱ्हाटी, अशा मुलखातला. त्यानं आमचा डोंगर पाह्यला अन् म्हणाला, "हा काई डोंगर नाई. आमच्या शेताचा बांध हाय, जरासा माजलेला."

मले राग आला. माह्या बापाची, आज्याची हाडं या डोंगरानं झिजवली. म्या म्हटलं, "चढून पाह मग."

तो चढला. धापा टाकत वर आला, बसला, माठातलं पाणी प्यायला अन् म्हणाला, "बांधच हाय. पण लय माजलाय."

तो जयभीमवाला, मी कुणबी. खिंडीत माठ एकच होता, कारण दुसरा खालून वर वाहून न्याची ताकद दोघातही नव्हती. पहिल्या दिवशी कोणं पहिले प्यावं असा जरा घोळ झाला, तर त्यानं गिलास भरून माह्या हातात देला अन् म्हणाला, "पी लवकर, मलेबी तहान लागली हाय." विषय तिथंच संपला.

आग हा शब्द तो बोलत नसे. 'ते' म्हणे. "तिकडं ते दिसून राह्यलं का?" "सयपाकाले ते पेटव." म्या चिडून म्हणो, "आग म्हण ना, जीभ जळते का तुही?" तर म्हणे, "नाव घेतलं का येते. सासऱ्यावाणी."

आणि माचीस. खिंडीतून जो कोणी वर जंगलात जाई, सरपणाले, टेंभरं आणाले, ढोरं घेऊन, त्याची माचीस हा काढून घे. म्हणे, बिडी ओढाची तर इथं, माह्यासमोर ओढ, मग जा. साऱ्या माचिसी तो एका दुपट्ट्यात बांधून ठेवे, आणि लोक संध्याकाळी उतरले का ज्याची त्याले परत. साऱ्या एकाच छापाच्या, एकाच दुकानातल्या. पण कधी चुकला नाई. लोक मुद्दाम त्याले फसवत.

"हे माही नाई जी."

"तुहीच हाय."

"काऊन?"

"तुहीचा वास येते. तू तंबाखूच्या हातानं धरते."

पहिले लोक शिव्या देत. मग त्याईले सवय झाली. देवळात चपला सोडतात तशा लोक त्याच्यापाशी माचिसी सोडू लागले. कोणी कोणी तर खिशात नसली का म्हणत, "आज नाई आणली, माफ करजो."

माही माचीस मात्र त्यानं कधी मागतली नाई. सोबती होतो ना. साऱ्या डोंगरावर स्वतःची माचीस स्वतःच्या खिशात घेऊन फिरणारा मी एकटा होतो, आणि मले त्याचा मोठा ताठा होता.

आता मोहाचं सांगतो, कारण मोह समजल्याशिवाय हा माणूस समजणार नाई. मोह समजूनही मले समजला नाई ते सोडा.

उन्हाळ्यात आमचं गाव गावात राहत नाई. मोहाचं फूल पडाले लागलं का म्हातारे, लेकरं, कोंबड्या, सारे डोंगरावर आपापल्या झाडाखाली जातात. पंधरा-वीस दिवस तिथंच चूल, तिथंच बाज. पहाटेपासून फूल टपटप पडते, ऊन चढेपर्यंत वेचाचं, मग खडकावर वाळू घालाचं. दुपारी बाया एका झाडाखाली जमतात, सोयरिकी जमवतात, मोडतात. भांडणंही तिथंच होतात अन् मिटतात, कारण तपनीत घरी चालत जाण्यापरीस मिटवणं सोपं. वर्षभर एकमेकाचं तोंड न पाहणारे लोक मोहाखाली एका ताटात ठेचा खातात. मले तर वाटते आमचं खरं गाव तेच, खालचं नुसतं पावसापासून लपाले बांधलेलं हाय.

झाडं जंगलातली, सरकारची. पण गावात साऱ्याईले माहीत हाय कोणतं झाड कोणाचं. आणि नियम एकच: फुलं पडाच्या आधी झाडाखालची जागा जो साफ करते, त्या उन्हाळ्याले झाड त्याचं. हे कुठी लिहिलेलं नाई. आम्ही जागा साफ करतो ती जाळून. खालच्या पाल्यात फूल हरवते, म्हणून पहाटे, दव असताना, गोल रेघ खरडून आतला पाला पेटवून द्याचा. दहा मिनिटात जमीन काळी गुळगुळीत. त्यावर पिवळं फूल दूरून दिसते.

साहेबलोक सांगतात जाळू नका. आम्ही हो म्हणतो.

पहिल्याच उन्हाळ्यात मी चार दिवस साळ्याच्या लग्नाले गेलतो. परत आलो तर गावात लढाई पेटलेली. तो माणूस खिंडीतून उतरून, शिंदीचा खराटा घेऊन, डोंगरावरचं एकूण एक मोहाचं झाड झाडून आलता. पाला नीट ढिगात लोटून, वर दगड ठेवून. आंगणही कोणी असं झाडत नाई. त्याच्या मतानं हिशोब साधा होता: पाला नाई तर जाळणं नाई, जाळणं नाई तर 'ते' नाई.

आणि गावाच्या मतानं त्यानं चार दिवसात साऱ्या डोंगरावर कब्जा केलता.

सारे मोठ्या बुढीच्या झाडाखाली जमले. बुढी गोंडाची, गावात वयानं सगळ्यात मोठी. मोहाच्या भांडणात तिचा शब्द शेवटचा. तो मधात उभा, खराटा खांद्यावर बंदुकीवाणी, स्वेटर गळ्यापर्यंत.

"का रे बाप्पा," बुढी म्हणाली, "माहं झाड तुले दिसलं का?"

"दिसलं ना माय. एवढं मोठं हाय, कसं नाई दिसन?"

"मग त्याच्याखाली खराटा काऊन लावला?"

"कचरा होता."

"कचरा कोणाचा?"

त्यानं खराटा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "झाड तुमचं. फूल तुमचं. कचरा सरकारचा. मी सरकारचा मजूर."

"मग सरकारच्या घरी नेऊन टाक ना!" मागून कोणी तरी ओरडलं. बाया हसल्या, पण माणसं नाई हसली. एक जण म्हणाला, "बाहेरचा माणूस. आल्या आल्या सारे झाडं दाबाले निंगाला."

"दाबाचं असतं तर एक दाबलं असतं," तो म्हणाला. "सारे कोण दाबते बे? एवढे फुलं मी ठेवीन कुठी? माह्याजवळ एक पिशवी हाय."

मग सारे माह्याकडं वळले. "तुहा सोबती हाय. तू सांग. याले नियम माहीत होता का नोता?"

मी काय सांगू? मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. कोरं. लहान लेकरावाणी कोरं, नाई तर पक्क्या बदमाशावाणी कोरं. दोन्ही सारखंच दिसते. म्या त्याले नियम सांगतला होता का? सांगतला असन. तीन दिवस आम्ही खिंडीत बसून दुनियेभरच्या गोष्टी केल्या होत्या. मले आठवे नाई. म्या म्हटलं, "तो तसाच हाय."

"तसाच म्हणजे कसा?"

"मले नाई माहीत."

शेवटी बुढीनंच तोडगा काढला. "झाडून काढाचं त काढ. पण आधी आम्ही आपापल्या झाडाखाली एकेक दगड ठेवू. दगड आमचा, म्हणजे झाड आमचं. मग तू खराटा लाव का लोळ, कोणी पुसणार नाई."

"ठेवा दगड," तो खुश होऊन म्हणाला. "दगडाले ते लागत नाई."

तेव्हापासून नवाच रिवाज पडला. लोक दगड ठेवत, तो झाडून काढे. जाळणं बंद. फुलंही साफ मिळाले लागले, राखेचा वास नाई. बाया त्याले भाकर पाठवत, चून, म्हणजे पिठलं, पाठवत, कोणी अंबाडीची भाजी पाठवे. तो कोणाचं एक फूल उचलत नसे. म्या एकदा म्हटलं, "अरे मूठभर घे, भाजून खाजो." तर म्हणे, "गोड लागलं तर? मग उद्या मीच दगड ठेवीन."

साऱ्या गावानं दगड ठेवला. म्या ठेवला नाई.

मले कोणं विचारलंच नाई ना. बुढीनं म्हटलं, लोकाईनं हो म्हटलं, अन् मी तिथं उभा असून माहं मत कोणाले लागलं नाई. माह्या झाडाखाली माह्या बापानं जाळलं, त्याच्या बापानं जाळलं. त्याईले काय खराटा मिळत नव्हता? म्या त्याले तोंडावर सांगतलं, "माह्या झाडाखाली खराटा लावशील तर सोबत तुटली समज."

"नाई लावत," तो म्हणाला. "पण मग तू काय करशील?"

"माहं मी पाहीन."

पहिल्या उन्हाळ्यात त्यानं झाडल्यावर पडलेला नवा पाला, अन् दुसऱ्या उन्हाळ्यात सारा, म्या जाळला. ड्युटीवर असताना, आग राखणारा माणूस, पहाटे उठून चोरावाणी. तो खिंडीतून पाहे. तिथून माहं झाड साफ दिसे. पाहून पुन्हा माचिसी मोजाले लागे. माही माचीसही मागतली नाई. मले वाटे, मागन आज. मागतली असती तर भांडलो असतो, मन मोकळं झालं असतं. तो मागतच नसे.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाला गुडघ्याएवढा पडलता. घरची म्हणाली, "तुमीबी ठेवा ना एक दगड. दगडच त हाय."

"माह्या बापानं ठेवला होता का?"

"तुमच्या बापानं मोबाईल तरी ठेवला होता का?"

त्यावरून आमचं असं वाजलं का दुसऱ्या दिवशी ती माह्यासंगं आली नाई. जाळाचं काम दोघाचं असते. एक पेटवते, दुसरा डहाळा घेऊन रेघेवर उभा राह्यते. मी एकटा गेलो. आणि भांडणात उठाले उशीर झाला, दव सुकलं होतं. बापानं हजारदा सांगतलं होतं, दव नसन तर माघारी फिर. माघारी फिरलो असतो तर घरची हसली असती. म्या काडी ओढली.

पहिले पाच मिनिट बरोबर चाललं. मग खालून वारा आला. उन्हाळ्यात सकाळी डोंगराच्या पोटातून वारा वर चढते, हे लेकराले माहीत असते. आग रेघ ओलांडून वाळल्या गवतात गेली अन् मग तिनं माह्याकडं वळूनही पाह्यलं नाई.

तो खिंडीतून ओरडत उतरला. तीन वर्षात पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला. "आग! आग!" झाडाखाली दगड ठेवाले वर आलेलं गाव पळत आलं. कोणी डहाळे तोडले, कोणी खालचं गवत ओरबाडून पट्टा मोकळा केला. त्यानं स्वेटर काढला, बायाईनं आणलेल्या माठात बुचकळला अन् त्यानं आग झोडपाले लागला. मी त्याच्या बाजूले. त्याच्या प्लास्टिकच्या चपला वितळून पायाले चिकटल्या, तरी तो थांबला नाई. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आग विझली. माणूस गेला नाई, ढोर गेलं नाई. पण बुढीचे दोन झाडं होरपळले, पानं नाई, फूल नाई, नुसते काळे खांब. आणि वरच्या अंगानं सारा उतार काळा.

बुढी आपल्या झाडापाशी जाऊन बसली. रडली नाई. बुंध्याले हात लावून पाहे अन् म्हणे, "गरम हाय. अजून गरम हाय." लेकराचा ताप पाहावा तसं.

दुपारी गार्ड साहेब आले. तरणा माणूस, कागद घेऊन. सारं गाव गोल उभं. मी एका बाजूले, तो एका बाजूले, पायाले ओलं फडकं गुंडाळून दगडावर टेकलेला.

"माचीस कोणाकोणाजवळ होती?" गार्डनं विचारलं.

लोक एकमेकाकडं पाहाले लागले. एक जण म्हणाला, "आमच्यापाशी नसते जी. साऱ्याईच्या माचिसी याच्यापाशी असतात." अन् त्याच्याकडं हात केला.

गार्डनं त्याच्याकडं पाह्यलं. त्याच्या बाजूले दुपट्ट्याचं गाठोडं पडलं होतं. साऱ्या गावाच्या माचिसी त्यात. मग गार्ड माह्याकडं वळला. "तुम्ही सोबत असता. तुम्ही सांगा. कोणाचं काम हाय हे?"

आता मी खरं लिहितो. त्या घडीले माह्या मनात एकच होतं का हे काम माहं जाईन, अन् गावात तोंड दाखवता येणार नाई. बुढी तिथंच बसली होती. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् म्या नजर दुसरीकडं वळवली. समोर गाठोडं, समोर बाहेरचा माणूस, ज्यानं एकदा असाही सारा डोंगर दाबला म्हणून लोक भांडले होते. मले फार काई करा लागणार नव्हतं. नुसतं बोट. म्या तोंड उघडलं अन् माहा हात त्याच्याकडं उठाले लागला.

"यानं लावली, साहेब," तो म्हणाला. "माह्या सोबत्यानं."

सरळ. आवाज न चढवता. गिलास पुढं करावा तसा.

माहा हात अर्ध्यावर राह्यला. मग म्या मान हलवली. दुसरं काय करणार? गार्डनं कागद लिहिला, म्या सही केली. अंगठा नाई, सही. चौथी शिकल्याचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला. काम गेलं. "अंगाऱ्यानंच अंगार लावला," असं पोट्टेही म्हणाले लागले. बुढीनं पुढच्या उन्हाळ्यात माह्या झाडाखाली येऊन फुलं वेचली, अर्धे. न विचारता. म्याही रोकलं नाई. तिचे झाडं पुन्हा फुटाले दोन उन्हाळे लागले, तोवर ती येत राह्यली, मग आपल्या झाडाखाली गेली अन् एका शब्दानं त्याची बात काढली नाई.

आणि तो? आठ दिवसात तोही निंगून गेला. कोणं काढला नाई त्याले. उलट गार्ड साहेब म्हणाले, थांब. त्यानं ज्याची त्याची माचीस घरोघरी नेऊन देली, अन् लंगडत लंगडत उतरून गेला. माह्या दाराहूनही गेला. थांबला नाई.

मग माही डोकेदुखी सुरू झाली. मी त्याले दगाबाज म्हणो. तीन उन्हाळे एका माठातलं पाणी प्यालो, अन् साऱ्या गावापुढं माहं नाव घेतलं. पण मग तो स्वतः काऊन गेला? दगाबाज माणूस त राह्यते, खुर्चीवर बसते. मी म्हणो, त्याले पश्चात्ताप झाला असन. घरची म्हणे, "त्यानं खोटं सांगतलं का?" मी म्हणो, "नाई." "मग?" या 'मग'चं उत्तर मले सापडे नाई. मी त्याच्यावर चिडावं तर बोट माहं उठलं होतं. नाई चिडावं तर काम माहं गेलं होतं. आणि त्यानं माहं बोट पाह्यलं होतं का? पाह्यलं असन तर त्यानं आपला जीव वाचवला, यात त्याचं काय चुकलं? नसन पाह्यलं तर माह्यावर उलटला काऊन? बारा-तेरा वर्षं मी हेच दळून राह्यलो. पीठ काई पडलं नाई.

मागच्या उन्हाळ्यात वडनेरले एका सोयऱ्याकडं लग्न होतं. गेलो. अक्षता पडल्या का जेवणावर न बसता मी त्याचं घर पुसत निंगालो. नाव सांगाची गरज पडली नाई, स्वेटर म्हटलं का झालं. "स्वेटरवाले बाबा का?" लोकाईनं लगेच घर दाखवलं.

कडुलिंबाखाली खाटेवर बसला होता. स्वेटर दुसरा, हिरवा. म्हातारा झालता, पण माह्याहून कमी. मले पाह्यल्याबरोबर म्हणाला, "चढला का रे बांध?"

"उतरलो," म्या म्हटलं. "लग्नाले आलतो, जेवणाआधी तुलेच पाहाले निंगालो."

"जयभीम. बस. सूनबाई, पाणी आण, डोंगरातला माहा सोबती आला!"

मी बसलो नाई. उभ्यानंच म्या विचारलं. मले भीती होती का बसलो तर विचारणार नाई. "गार्डपुढं माहं नाव काऊन सांगतलं?"

तो माह्याकडं पाहातच राह्यला. "तुले नाई माहीत?"

"नाई."

"अरे, तुह्या घशात अटकलं होतं ना! तुहं तोंड उघडलंतं, हात उठलाता, थरथर कापून राह्यला होता. म्या म्हटलं, हा सांगते आता, माह्या हातानं झालं म्हणून. पण साऱ्या गावापुढं, त्या बुढीपुढं असं सांगणं सोपं हाय का? तू ताठ्याचा माणूस. मले पाहवलं नाई. म्हणून म्याच सांगून टाकलं. तुहं वझं हलकं केलं."

मी खाटेवर बसलो.

"अन् काम सोडून काऊन आला?"

"मले तिथं गमे नाई तुह्याबिगर," तो म्हणाला. "एकट्यानं धूर पाहाचा, म्हणजे सारा डोंगर धूरच दिसते. तुह्या दाराहून गेलो, म्हटलं थांबावं. पण तू रडला असता तर मलेबी रडू आलं असतं."

सून पाणी घेऊन आली. चांगली, शिकलेली दिसली. म्हणाली, "काकाजी, बाबा रोज सांगतात तुमचं. घरच्या लेकराईले सांगतात, खरं बोलाले जड गेलं तर त्या डोंगरातल्या बाबावाणी निदान तोंड तरी उघडा."

माह्या हातात गिलास होता. म्या तो खाली ठेवला. मी आयुष्यात कोणाची फुकटची तारीफ घेतली नाई, अन् या वयात घेणार नव्हतो.

म्या म्हटलं, "ऐक. माहा हात तुह्याकडं उठलाता. मी तुहं नाव सांगणार होतो."

तो हसला. तोंडात दात दोन-तीन, ते सारे दिसले. "पाह, सूनबाई. अजून स्वतःले सोडत नाई. म्या सांगतलं नव्हतं?"

"मी खोटं बोलून नाई राह्यलो!"

"तेच त. खोटं तुले जमतच नाई."

"अरे माणसा, तुह्या बाजूले माचिसीचं गाठोडं होतं! गार्डनं तुलेच धरलं असतं! मी तेच पाहून..."

"किती बारीक आठवते त्याले," तो सुनेले म्हणाला. "मनाले लागलं ना, म्हणून. लय खरा माणूस."

मी उठून उभा राह्यलो. म्या ओरडून सांगतलं का मी भला माणूस नाई, मी तसा नव्हतो, तू मले समजूनच नाई घेतलं. शेजारचे लोक दारात आले. सून घाबरली. तो मात्र दुपट्ट्यानं डोळे पुसत हसून राह्यला होता, अन् मले समजे नाई का तो हसून राह्यला का रडून राह्यला, का सारं समजून तीन उन्हाळ्यावाणी मले येड्यात काढून राह्यला. तोंड तसंच कोरं.

"सूनबाई," तो म्हणाला, "याले पान वाढ. हा लग्नाहून उपाशी आला हाय. भूक लागली का हा असाच ओरडते, डोंगरावरही ओरडे."

मी तिथं आणखी काय सांगणार होतो? बसलो. तिनं ज्वारीची भाकर वाढली, वर चून, बाजूले कांदा. मी जेवलो. भूक लागलीच होती.